ओब्दुलियाबाईंची किल्ली

ओब्दुलियाबाई नाकावर माशी बसू देत नसत, आणि फोटोवाला दिसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. स्पेनमधल्या दुएरो नदीच्या काठी आठशे वर्षांचं दगडी चर्च आहे, त्याची किल्ली त्यांच्या घरी. वीतभर लांब, लोखंडी, एकुलती एक. चर्च पाहायचं असेल तर बाईंचं दार ठोठावायचं, ही गावाची रीत. तीस वर्षं त्यांनी ते चर्च उघडलं, झाडलं, आतल्या लाकडी मरियामातेपुढे दर शनिवारी फुलं ठेवली.

सगळ्यात जास्त राग फेर्मिनवर. हा माद्रिदचा. दर वसंतात कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन यायचा आणि हुकूम सोडायचा.

"बाई, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

"माझं गाव, माझं दार. मध्ये तू आलायस, मेल्या."

"आणि ती वाळत घातलेली चादर काढा ना. मागची नदी झाकली जाते."

"काढते, तुझ्या तोंडावर टाकायला!"

पण चादर त्या काढायच्या. आल्यागेल्याला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि त्याचीच त्यांना जास्त चीड यायची.

गेल्या हिवाळ्यात फेर्मिनचं फोटोंचं पुस्तक निघालं. चर्च, जुना पूल, धुक्यातली नदी. माणूस औषधालाही नाही. खाली छापलेलं: ओसाड गाव. तेव्हा बाईंसकट पाच माणसं तिथे रोज लसणीचं सूप ओरपत होती.

पुस्तक बिशपच्या कचेरीत पोचलं. मे महिन्यात पत्र आलं, तेही बाईंच्याच नावे: गावात वस्ती नसल्याने मूर्ती शहरातल्या संग्रहालयात हलवण्यात येईल.

ठरल्या दिवशी गाडी आली. दोन हमाल, सेवेरियानो नावाचा कारकून, आणि फोटो काढायला फेर्मिन. बाई चर्चच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"वस्ती नाही म्हणे! मग मी कोण, हडळ? ह्या भामट्याच्या पुस्तकावरून आमची आई उचलून नेता?"

"नुसत्या पुस्तकावरून नाही, बाई," सेवेरियानो म्हणाला. "रहिवाशांची यादी पाहूनच आलोय. ह्या गावाच्या नावावर एकही माणूस नाही. तुमचं नाव शहरात आहे, मुलीच्या पत्त्यावर."

बाईंचे कमरेवरचे हात खाली आले. गुडघ्याच्या ऑपरेशनला शहरातला डॉक्टर मिळावा म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यांनीच नाव तिकडे लावलं होतं. वर बाकीच्या चौघांनाही झापलं होतं, "वेड्यांनो, इथे डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. मुलांकडे नावं लावा की!" शिव्या फेर्मिनला घातल्या, पण कागदावरून गाव पुसलं होतं ते बाईंनीच. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊन उतरतंय," फेर्मिन वैतागून म्हणाला. "कुलूप काढा आणि बाजूला व्हा बघू."

बाईंनी कुलूप उघडून किल्ली काढून घेतली. आत शिरल्या, जडशीळ दार धाडकन ढकललं आणि आतून किल्ली फिरवली.

सेवेरियानोने दारावर मुठी आपटल्या. "बाई! ऐकताय ना? आत आणखी कोण आहे?"

"कुणी नाही!" बाई आतून किंचाळल्या. "इथे कुणी राहत नाही!"

आणि मूर्तीच्या पायाशी बसून त्या हमसून हमसून रडल्या, कारण कागदावर ते खरं होतं.