डाग कुणाचा

आमच्या साडूंइतका संशयी माणूस उज्जैनमध्येच काय, अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही. बरं, संशय माणसांवर नाही, यंत्रांवर. वजनकाट्यावर ते तीनदा उभे राहतात, आणि तिसऱ्यांदा खिशातला मोबाइल बायकोच्या हातात देऊन. ताप आला की थर्मामीटर आधी धडधाकट बायकोला लावून बघतात. धंदा विचाराल तर गॅमा कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिणं. रोग्याला किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात, अंगातून किरण बाहेर पडतात, प्रत्येक किरणाला कॅमेऱ्यातला स्फटिक बारीकसा चमकतो, आणि साडूंचा प्रोग्राम ती चमक टिपतो, खरी-खोटी निवडतो, कुठून आली ते मांडतो. त्यातून हाडांचं चित्र उभं राहतं. हे सगळं ते लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगतात, त्यामुळे त्यांच्या शेजारचं पान सहसा रिकामंच असतं. शेजारच्या शर्माजींना एवढंच कळलं, की हे दिवसभर काहीतरी मोजतात. "जनगणना में हैं क्या?" त्यांनी विचारलं. "नहीं, किरणगणना में," साडू गंभीरपणे म्हणाले. मराठी मंडळाने एकदा त्यांना सभेचं इतिवृत्त लिहायला दिलं, तर दोन तासांच्या चर्चेच्या त्यांनी तीन ओळी केल्या आणि खाली शेरा मारला: 'बाकी गोंगाट, गाळला.' अध्यक्षांचं भाषणही त्यातच गेलं होतं.

मागच्या वर्षी माझी कंबर धरली ती सुटेचना, म्हणून डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. फ्रीगंजातल्या स्कॅन सेंटरवर सॉफ्टवेअर साडूंचंच, म्हणून तेही बरोबर आले. चित्रात कण्याच्या डाव्या अंगाला काळा डाग आला. सेंटरच्या डॉक्टरबाई चित्र मोठं करकरून बघू लागल्या, आणि साडू पडद्याला नाक लावून म्हणाले, "चार बोटं उजवीकडे सरका."

"अहो, कशाला?"

"डाग तुमचा असेल तर तुमच्याबरोबर सरकेल."

मी सरकलो. कणा सरकला, डाग जागच्या जागी! मी आनंदाने उठून बसलो. साडू मात्र मटकन खुर्चीत बसले. स्फटिक सगळीकडे सारखा चमकत नाही, म्हणून दुरुस्तीचा एक तक्ता लागतो. महिन्यापूर्वी त्यांनी सॉफ्टवेअर बदललं, तेव्हा तक्ता जुनाच राहून गेला होता. टेक्निशियन कुजबुजला, "सर, चुपचाप ठीक कर दीजिए, किसको पता चलेगा?" साडू उठले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "गलती मेरी है. इस महीने के सारे स्कैन निकालिए."

आणखी नऊ जणांच्या चित्रात तो डाग होता. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना फोन केले, तरी साडू नऊही घरी स्वतः गेले, हात जोडून. स्कूटर मी चालवत होतो. एका वकिलांनी अर्धा तास शिव्या दिल्या; साडूंनी त्यातली एकही गाळली नाही. भैरवगढला कापडावर ठशांनी छपाई करणारे एक म्हातारे चाचा होते. डागाचं ऐकून त्यांनी आपले लाकडी ठसे पुतण्याला देऊन टाकले होते. "एक बार फिर लेटना पड़ेगा, चाचा," साडू म्हणाले.

तक्ता बदलून पुन्हा स्कॅन झाले. आठ जणांचा डाग गेला. चाचांच्या चित्रात यंत्राच्या डागाखाली त्यांचा स्वतःचा एक होता. साडूंनी त्यांना तीनदा सरकवलं. तिन्ही वेळा तो त्यांच्याबरोबर सरकला. "रहने दो बेटा," चाचा म्हणाले, "थक गया."

त्यानंतर चाचा सात-आठ महिने होते. दर रविवारी साडू भैरवगढला जायचे. काय करता तिथे, विचारलं तर "बसतो" एवढंच म्हणायचे. पुतण्याने ठसे परत आणून दिले होते. चाचा थरथरत्या हाताने छापायचे, साडू कापडाचं टोक ताणून धरायचे. शेवटच्या रविवारी मी त्यांना आणायला गेलो, तेव्हा चाचांचा डोळा लागला होता आणि साडू अंगणात वाळत घातलेल्या चादरीसमोर उभे होते. नक्षीची एक ओळ चांगलीच तिरकी गेली होती. मी बोट दाखवलं.

"असू द्या," साडू हळूच म्हणाले. "मी पाहिलंय ते."