तात्यांना वाचता येणारी भाषा

"काका, तात्या गेले. चहा मागितला आणि... चहा आणेपर्यंत गेले." सुनंदाचा, म्हणजे तात्यांच्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी सांगलीत घरीच होतो. मलकापूरला पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तात्या नव्वदीला टेकले होते, त्यामुळे लोक "सोनं झालं" म्हणत होते. मीही मान डोलावली. पंधरवडा होत आला, पण आतून काही ते पटलेलं नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. कराड आणि सांगलीच्या मधल्या एका साखर कारखान्यात मी नवाकोरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर होतो आणि तात्या फोरमन. शिक्षण सातवी, पण सैन्यात सिग्नलच्या तारा ओढून आलेला माणूस. ऊस गिरणीकडे वाहून नेणारी गव्हाण तेव्हा भिंतभर रिलेंवर, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप होणाऱ्या स्विचांवर चालायची आणि कुठला रिले चिकटलाय ते तात्या नुसत्या आवाजावरून सांगायचे. त्या भिंतीच्या जागी परदेशातून एक पेटी आली, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर. तिला हुकूम द्यायच्या दोन भाषा होत्या. एकीत ओळीखाली ओळ आज्ञा लिहायच्या. दुसरीत शिडीसारखं चित्र काढायचं, दोन उभ्या रेषा, मध्ये पायऱ्या, पायरीवर स्विच आणि टोकाला मोटर, थेट जुन्या रिलेंच्या नकाशासारखं. मी अर्थातच पहिली निवडली. आटोपशीर, देखणी, शिकलेल्या माणसाला शोभणारी! शिवाय ती अख्ख्या कारखान्यात मला एकट्यालाच येत होती, त्याचं सुख वेगळंच होतं.

तात्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "सायेब, ह्यात बंद करायचं बटण कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. "लय झ्याक हाय. पर तुमी नसशीला तवा आमी काय वाचायचं?"

"मी कुठं जातोय, तात्या?" असं म्हणून मी हसलो होतो. ते हसू आठवलं की आजही शरम वाटते.

त्याच हंगामात माझ्या वडिलांना मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं. पोटाचं ऑपरेशन होतं. सकाळी त्यांना आत नेणार, तेवढ्यात कारखान्याची जीप दारात. गव्हाण बंद, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि चीफ इंजिनिअरांची चिठ्ठी, निघून या. वडील म्हणाले, "जा तू. मला काय, भूलच देणार आहेत." मी गेलो. बिघाड काय, तर झाकण उघडं राहिलं की गव्हाण थांबवणारा एक स्विच चोथ्यात अडकलेला. पाच मिनिटांचं काम, पण माझ्या त्या देखण्या यादीत तो शोधायचा कुणी आणि कसा? तात्यांनी चोथा झटकून गव्हाण चालू केली. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी परतलो तेव्हा वडील शुद्धीवर आले होते. आत नेताना ते सारखे दाराकडे बघत होते, असं शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनी सांगितलं.

हंगाम संपल्यावर मीच म्हणालो, "तात्या, शिडी काढू या." पॅनेलच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून आम्ही बसायचो. जवळजवळ प्रत्येक पायरीवर वाद. मी दोन पायऱ्या एकीत कोंबल्या की ते म्हणत, "आवं सायेब, गुंता नको. दमलेल्या फिटरला वाचायचं हाय ते." काम दुप्पट लांबलं. मला मनातून अजून पहिलीच भाषा आवडत होती, खोटं कशाला बोलू!

पुढच्या हंगामाच्या ऐन भरात वडिलांचं दुखणं उलटलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. रजा मागायला माझी जीभ रेटेना. तात्याच म्हणाले, "जावा तुमी. हितलं आमी बगतो." नऊ दिवस मी वडिलांच्या उशाशी होतो. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी उठून खिडकीतून बघायचो... जीप आली नाही. वडील गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.

कामावर परतल्यावर तात्यांना विचारलं, "काही अडलं नाही ना?"

"काय न्हाई. समदं येवस्थित."

दुपारी शिडीचे कागद सहज काढले. एका पानावर तीन पायऱ्यांपुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा आणि ग्रीसच्या बोटांचे डाग. एका फिटरला खोदून विचारलं तेव्हा कळलं, गव्हाण तीनदा थांबली होती. पहिल्याच वेळी चीफ इंजिनिअर मला आणायला जीप काढायला सांगत होते. तात्या आडवे उभे राहिले. "अर्धा तास द्या सायेब. त्येंचा बा मरतोय तिकडं." अर्ध्या तासाच्या आत त्यांनी पायरी शोधली.

मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. विषय काढला की ते उठून जायचे. मी निवृत्त होताना कारखान्याकडून ते एक पान तेवढं मागून घेतलं.

परवा तेराव्याला मलकापूरला गेलो तेव्हा ते बरोबर नेलं होतं, सुनंदाला द्यावं म्हणून. तात्यांच्या हातच्या त्या खुणा तिने ओळखल्या असत्या. तासभर बसलो, चहा घेतला, दोनदा पिशवीत हात घातला... पण नाही देववलं. तसंच परत घेऊन आलो.