मोठ्या चौकटीतला भोवरा

पुलाच्या खांबामागे पाणी कसं वळतं, ते संगणकावर मांडणं हे माझं रोजचं काम. प्रवाहावर चौकटींची जाळी पसरायची. खळबळ असेल तिथे जाळी आपोआप बारीक होते, शांत असेल तिथे चौकटी मोठ्या होतात. सगळीकडेच बारीक बघत बसायला वेळ कुणाकडे आहे?

आज दुपारी एक लहानसा भोवरा खांबापासून सुटून लांब गेला. इतका मंद, की जाळीला तो शांतच वाटला. तिथल्या चार चौकटींची एक झाली. एका बाजूने वर जाणारं पाणी, दुसऱ्या बाजूने खाली येणारं, दोन्हींची सरासरी शून्य. पडद्यावर सपाट निळा रंग उरला. खऱ्या नदीत तो अजून फिरत असणार. चौकट मोठी झाली म्हणून पाणी काही फिरायचं थांबत नाही. माझ्या पडद्यावर मात्र तो नव्हताच.

तेवढ्यात आईचा फोन आला. दादाने पुन्हा नोकरी सोडली, जेवत नाही, बोललं की अंगावर येतो. ती थकलेल्या आवाजात सांगत राहिली. आमच्या घराची जाळी लहानपणापासून त्याच्याभोवतीच बारीक होत गेली आहे.

मी म्हटलं, “आई, मला हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही गं.”

“दमत असशील. तुझं एक बरं आहे बाई, तुझी मला कधी काळजीच करावी लागली नाही.”

“हो ना,” मी म्हटलं. आवाज अगदी सपाट लागला.