थिनरच्या रंगातली काडी

बायडीच्या हाताचं काय सांगावं! वज्रेश्वरीच्या बाजूला पाड्यावर लग्न निघालं की भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला पहिली हाक तिलाच. तिथे चित्र काढत नाहीत, लिहितात. बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून मऊ करायचं, तांदळाच्या पिठात बुडवायचं, चार रेघा झाल्या की जिभेवर ओलं करून पुन्हा बारीक करायचं. आईने तिला असंच शिकवलं होतं.

यंदा वडपे गावच्या लडकूशेठना आपल्या गोदामाच्या भिंतीवर लग्नाची वरात लिहून हवी झाली. पावसात टिकली पाहिजे, म्हणून त्यांनी ऑइलपेंट आणि थिनरचा डबा आणून दिला. बायडी हरखली. डोक्यावर गोणी न्हाय, कुणाची बोलणी न्हाय, दिवसभर आवडीचं काम!

पण आठ दिवसांत बाई पार उतरली. डोकं गरगरायचं, ओठ सोलले, भाकरीचा घास गिळवेना. नवरा बाबू म्हणाला, दृष्ट लागली. मिरच्या ओवाळल्या, पण कसचं काय! वरात अर्धीच झालेली, आणि शेठ दुसरा पेंटर बघतो म्हणायला लागले. बायडीचा जीव तुटायचा.

लेक भाग्यश्री नर्सिंग शिकते. सुट्टीला आली तशी आईबरोबर गोदामावर गेली, आणि बघतच राहिली.

"आये, ती काडी तोंडात घालतेस?"

"मग? लिवू कशी?"

"अगं, थिनर हाय त्यात! नुसत्या वासानं डोकं फिरतं, तू तर चाटतेस. इख हाय ते!"

दुसऱ्या दिवशी बायडीने तोंड घट्ट मिटून लिहिलं. ब्रशही धरून पाहिला. रेघा जाड आल्या, वरातीतली माणसं सुजल्यागत दिसायला लागली. तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि थेट शेठसमोर जाऊन उभी राहिली.

"शेठ, काडी तोंडात घालावीच लागते, आन् तुझा रंग इख हाय. मी तांदळानंच लिवणार. न्हायतर दुसरा बघ."

"येडी का खुळी तू? पावसात धुऊन जाईल सगळं!"

"जाऊ दे की. मी ऱ्हायली तर परत लिवीन. मीच गेली तर कोन लिवंल?"

लडकूशेठ तिच्या सोललेल्या ओठांकडे बघत राहिले. मग वॉचमनवर ओरडले, "तो डबा उचल रे इथनं! आणि बाईला तांदूळ आणून दे." जाता जाता मागे वळून म्हणाले, "दर दिवाळीआधी ये गो, भिंत नवी करायला."