न हलणारं हाड

माझ्या भाचीच्या कपाळाची उजवी बाजू जन्मापासूनच जरा चपटी होती आणि उजवी भुवई डावीपेक्षा वर चढलेली. घरात सगळे म्हणायचे, आत्यावर गेलीय, आत्तापासूनच भुवया उडवते. मलाही ते ऐकायला आवडायचं. मी तिची आत्या, शिवाय घरातली फिजिओथेरपिस्ट. सिडकोत माझं स्वतःचं क्लिनिक आहे. त्यामुळं कुणाची पाठ धरो की मान अवघडो, आमच्याकडं डॉक्टरच्या आधी मला फोन. भावजयीनं बाळाला घरी आणलं त्याच आठवड्यात तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, हे कपाळ बघा ना. होईल ना सरळ?"

"होईल की. न व्हायला काय झालं?" मी म्हटलं.

इतकं ठाम बोलायला कारण होतं. आदल्या वर्षी मी पुण्याला एक शिबिर करून आले होते, कवटीच्या हाडांचं. तिथं शिकवलं की कवटीची हाडं सांध्यांपाशी अगदी बारीक हलत असतात, आत एक संथ लय चालू असते. बाळंतपणात ताण पडला किंवा मार लागला की हाडं एकमेकांत अडकतात, कधी पिळून, कधी एका बाजूला झुकून. त्या प्रत्येक अडकण्याला ते 'स्ट्रेन पॅटर्न' म्हणत. नाण्याच्या वजनाएवढाच भार देऊन हात ठेवायचे, दाबायचं नाही, हातानं नुसतं ऐकायचं. पहिले दोन दिवस माझ्या हाताला केस लागले, घाम लागला, बाकी काही नाही. शेजारची पोरगी डोळे मिटून म्हणायची, "वा, किती छान उघडतंय!" मी मेल्याहून मेल्यासारखी. तिसऱ्या दिवशी मलाही लागलं. हळूच भरतंय, हळूच ओसरतंय. रडले मी तेव्हा, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं लोकांचे गुडघे वाकवण्यात गेली होती आणि आता माझ्या हातात काहीतरी आलं होतं.

तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी भावाकडं जायची. बाळाच्या डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवून बसायची. पाच मिनिटांत पोरगी झोपायची. भावजय दारात उभी राहून बघायची आणि कुजबुजायची, "जादू आहे बाई तुमच्या हातात." उजवीकडचं हाड डावीपेक्षा कमी हलतंय, पण हलतंय, असं मी वहीत लिहून ठेवायची.

बाळाला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. मूळच्या करमाडच्या, आता लेकाकडं मुकुंदवाडीत राहायच्या. टाळूवर तेल थापायचं, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, डोक्याला तळहातानं गोलाई द्यायची, हे त्यांचं रोजचं काम. बाळ तिसऱ्या महिन्यात असताना एक दिवस त्यांनी माझ्यासमोरच हात काढून घेतला.

"ताई, इथं बोट लावा. टाळूपासून खाली कानाकडं कड आलीया. म्या लई लेकरं न्हाऊ घातली, पर असं नाय कधी लागलं हाताला. म्या आता हिच्या डोक्याला हात नाय लावायची. दवाखान्यात दाखवा."

मी बोट लावलं. कड होती. मग मी मावशींना हाडांचा पीळ समजावून सांगितला, आधी मराठीत आणि अडलं तिथं इंग्रजीत. त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. "व्हय का? तुमी शिकलेल्या," म्हणाल्या. त्यांचा रोख तेव्हा मला कळला नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण कळला होता, आणि रागही आला होता. अंघोळ घालणारीनं मला शिकवावं!

पुढच्या लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनीही तिथंच बोट फिरवलं. भावजयीला म्हणाले, हा सांधा वेळेआधी जुळलेला असू शकतो. सीटी स्कॅन करून घ्या. जुळला असेल तर वर्षाच्या आत ऑपरेशन करून तो मोकळा करावा लागतो, कारण मेंदू झपाट्यानं वाढतोय, त्याला जागा लागते. जागा नाही मिळाली तर आतला दाब वाढतो, नजरेवरसुद्धा जाऊ शकतं.

भावजय तिथून रिक्षानं थेट माझ्या क्लिनिकवर आली. बाळ खांद्यावर, लसीनं रडून लाल झालेलं. "ताई, काय करू? तुम्ही सांगाल ते."

मी टेबलावर पेशंटला तसंच सोडून बाहेर आले. पोरीच्या डोक्याला हात लावला, डोळे मिटले आणि म्हटलं, "हे बघ, आत्ताही हलतंय. जुळलेलं हाड हलेल का, तूच सांग? एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर कशाला एक्स-रेचा मारा? मला सहा महिने दे."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. स्कॅनची चिठ्ठी घडी करून तिनं पर्समध्ये ठेवली.

सहाचे नऊ महिने झाले. वर्ष उलटल्यावर पोरगी सकाळी उठताना किंचाळायला लागली, ओकायला लागली. मी म्हटलं, दाढा येताहेत. मग उजवा डोळा नाकाकडं वळायला लागला. भाऊ फारसं बोलणारा नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "ताई, आता बास," आणि मुलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला. डोळ्यांमागच्या नसांना सूज होती. आतला दाब वाढलेला. त्याच दिवशी सीटी झाला.

तो फोटो मी पाहिलाय. डावीकडं टाळूपासून खाली एक बारीक काळी रेघ, सांध्याची. उजवीकडं रेघच नाही. सलग पांढरं हाड. डॉक्टर म्हणाले, हा सांधा जन्माच्या आधीच बुजलेला असणार.

म्हणजे ज्या हाडाला मी आठवड्यातून दोनदा हलताना अनुभवत होते, ते एक दिवसही हललेलं नव्हतं.

घरी आले. स्वयंपाकघरात टोपलीत नारळ होता. का कोण जाणे, तो उचलला, मांडीवर घेतला आणि शिबिरात शिकवलं तसे तळवे लावून डोळे मिटले. थोड्या वेळानं नारळ भरायला लागला. मग ओसरायला लागला. डावी बाजू मोकळी, उजवी जरा अडकलेली. कर्म माझं! माझ्याच बोटांतलं रक्त आणि माझाच श्वास. तो नारळ मी ओट्यावर आपटला, फुटला नाही, परत आपटला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात बैल दुसऱ्याचा गेला.

पुण्याला ऑपरेशन झालं. कवटी उघडून सांधा मोकळा केला, कपाळ पुढं आणलं. दाब उतरला, ओकाऱ्या थांबल्या. डावा डोळा वाचला. उजव्या डोळ्याला आता उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. शिबिराचं प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढलं, कवटीचं काम बंद केलं, पुन्हा गुडघे वाकवायला लागले. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. आई म्हणायची, नशीब पोरीचं. मी ऐकून घ्यायची, कारण नशीब म्हटलं की माझं नाव येत नव्हतं.

परवा भाचीच्या तपासणीला भावाला सुट्टी नव्हती, म्हणून मी भावजयीबरोबर गेले. भाची चार वर्षांची आहे. चालताना उजवा खांदा दाराला घासतो तिचा, तसा तेव्हाही घासला. आम्ही बाकावर बसलो होतो. भावजय पुढं बघतच म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार की."

"तेव्हा तुम्ही म्हणायच्या, हाड हलतंय. मला धीर यावा म्हणून म्हणत होत्या ना?"

तिनं उत्तर माझ्या हातात आणून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण तिला पुन्हा एकदा काहीतरी खोटं सांगायची माझी छाती झाली नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "मला खरंच लागत होतं."

ती म्हणाली, "हो म्हणायचं होतं ना. मी माफ केलं असतं."

आतून नंबर पुकारला. तिनं मुलीला कडेवर घेतलं. मी उठले, तशी ती मान न वळवता म्हणाली, "तुम्ही बाहेरच थांबा."