विलायतेची गुलाबी पावडर

ये गं, अशी जवळ बस, कागदावर का होईना. आणि आधी बोलणी खा. परदेशात जाऊन बसलीस, मावशीची आठवण नाही, आणि काल फोन केलास तो रडायला! कुणी रंगावरून बोललं म्हणून?

मला काय कमी बोलले? तुझ्या काकांना इंग्लंडात कारखान्यात काम मिळालं, म्हणून मीही गेले. बसमध्ये माणसं उभी राहायची, पण माझ्या शेजारी टेकायची नाहीत. गल्लीतली पोरं ओरडायची, "घरी जा!" मी मनात म्हणायची, जायचंच आहे रे बाबांनो, तिकीट काढून द्या ना!

मग ऐंशीनंतर कधीतरी तुझ्या आईला दाखवायचं ठरलं, म्हणून मी घाटकोपरला माहेरी आले. वाटलं, सुटले बाई. तर जिन्यातच शेजारीण भेटली. "अगोबाई, एवढी थंडीत राहून तश्शीच? गोरी नाही झालीस?" घे!

तुझी आई तर माझ्याहून काळी. नकार पचवून पचवून कंटाळलेली. "हे शेवटचं. इथं नाही जमलं तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही," असं तिनं सांगूनच टाकलेलं. तुझ्या आजोबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तुझ्या आजीनं मला निरोप धाडलेला, येताना तिकडची पावडर आण. दुकानातली गोरी बाई म्हणाली होती, तुमच्या रंगाचं आमच्याकडे काही नाही. मग मेमांची गुलाबी होती तीच आणली. मुलाकडची कांजूरमार्गची मंडळी यायच्या आधी आजीनं ती तुझ्या आईच्या तोंडावर थाप थाप थापली. "पुरे गं आई," मी म्हटलं. "तू गप. विलायती आहे ती!"

ट्यूबलाइटखाली आली आणि वाटच लागली. गुलाबी कसली, चेहरा राखेसारखा झालेला. मान काळी, कान काळे, मधे हे असं. पोह्यांच्या बशा दिल्या, कुणी हात लावेना. मुलाची आई मालवणकडची, शेवटी तिला राहवेना.

"चेडवाक बरा नाय काय गो? ताप-बिप इलो हा?"

तुझी आई उठली ती तडक मोरीत. भडाभडा पाण्याचा आवाज. आजोबांनी डोळे मिटून घेतले. ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "ताप नाही. मी ही अशी आहे. नीट बघून घ्या."

मग मुलाच्या आईनं छातीवर हात ठेवला. "गे बाये! माका वाटला, आजारी चेडू आमच्या गळ्यात मारतत! आमचो झील तरी खय गोरो आसा?"

आणि झील, म्हणजे तुझे बाबा, हळूच म्हणाले, "मग आता पोहे खाऊ ना?"

आजोबा हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुझी आई पण हसली गं, कितीतरी दिवसांनी.

मी इंग्लंडला परत गेले ती हलकी होऊन. बोलणारे काही थांबले नाहीत. पण बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही, तर ऐसपैस पिशवी ठेवून बसायची.

आता कागदावर किती लिहू? सुट्टी मिळेल तशी ये. मी तर आता कायमची इकडेच आलेय, तेव्हा विमानतळावरून आधी मुलुंडला माझ्याकडे, मग आईकडे. लवकर ये हां.