शाहीनच्या फाइलमधला जास्तीचा कागद

"हा कागद कोणी लावला?" पॅरिस ऑफिसच्या मॅनेजरबाई फोनवर कडाडल्या.

"मीच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आमच्या दुबईच्या कंपनीत मी एचआर बघते. शाहीन आमची इंजिनिअर, हॉस्पिटलची मशीन्स दुरुस्त करते. मूळची दापोलीची. तिचं युनिट महिनाअखेर बंद होणार होतं. नोकरी गेली की इथला व्हिसाही जातो, आणि नवरा, दोन मुली तिच्याच व्हिसावर. पॅरिसला एकच जागा होती.

गल्फमध्ये बायोडेटावर फोटो, देश, धर्म, सगळं पहिल्याच पानावर. लिफ्टमध्येसुद्धा आधी "कुठले तुम्ही?" आणि मग गुड मॉर्निंग. लंडन ऑफिसला हे चालत नाही. तिथे वंशाचा फॉर्म वेगळा, भरला तर भरला, आणि मुलाखत घेणाऱ्यांना दाखवायचा नाही. भेदभाव होतोय का, हे मोजायला. मी अतिशहाणी! युरोप म्हणजे सगळा एकच समजून तो फॉर्म शाहीनच्या पॅरिसच्या फाइललाही लावून मोकळी झाले.

"आम्ही माणसाचा वंश नोंदवत नाही. आमच्यासाठी सगळे सारखे," बाई म्हणाल्या. "ही फाइल मी बघूच शकत नाही."

"मग कुणाला डावललं तर कळतं कसं?"

"आणि लंडनला नोंदवल्यामुळे डावलणं थांबलं का?"

आणि त्यांनी फोन ठेवला.

आमचे जॉर्डनचे बॉस म्हणाले, "खलास. दुसरं नाव पाठव."

माझं डोकंच फिरलं. "चूक माझी आणि घरी ती जाणार? अजिबात नाही, सर!" चूक माझी असं लेखी कळवलं, तो कागद काढून फाइल पुन्हा पाठवली, आणि बाई शाहीनची मुलाखत घ्यायला तयार झाल्या.

व्हिडिओ कॉलवर मीही बसले होते. शेवटी बाईंनी विचारलं, "इथे परकं वाटेल. चालेल?"

शाहीन हसली. "बारा वर्षं परक्याच देशात आहे, मॅडम. परकं मला वाटेल. मशीनला नाही."

बाई खळखळून हसल्या. अभिमानानं माझे डोळे भरून आले, काय लपवायचं!

शाहीन नवऱ्याला आणि मुलींना घेऊन पॅरिसला गेली. पहिल्याच दिवशी तिचा मेसेज आला: "ताई, कागदावर नाही, पण कँटीनमध्ये तिघांनी विचारलं, मूळची कुठली? तिघांनाही नकाशावर दापोली दाखवली."

आता कुठल्याही देशात फाइल पाठवण्याआधी मी फोन करून विचारते, "तुमच्याकडे काय विचारत नाहीत?" कँटीनचं मात्र शाहीन बघून घेते.